मांडीवरचा हात

रविवार हा माझा नावडता वार झाला होता. आठवडाभर लॅबमध्ये हात कामात असायचे. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग, एकेकाच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, कापूस दाबून धरायला सांगायचं. मग नमुने, मशीन, रिपोर्ट. घरी आल्यावर स्वयंपाक, अण्णांना भरवणं, त्यांचे कपडे. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की घर शांत व्हायचं. नवरा टीव्हीपुढे बसायचा, मी त्याच्या शेजारी बसायचे, आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागायचा.

तो थंडीने हात कापतो तसा हलत नसे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू घासायची, एका लयीत. सिन्नरला माझी मावशी विड्या वळायची, तिची बोटं अशी चालायची. माझ्या हातात मात्र ना पान होतं ना तंबाखू. मी हात उशीखाली घालायचे, नाहीतर सरळ उठून मटार सोलायला घ्यायचे. शेंग हातात आली की अंगठा थांबायचा.

ही हालचाल मी लहानपणापासून ओळखत होते. ती अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. विंचूरच्या कांदा मार्केटात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं हमाली केली. ते चाळिशीत आले तेव्हा त्यांचा हात हलायला लागला. पाठीवर गोणी असली की हात दगडासारखा स्थिर. गोणी उतरवून चहाच्या टपरीवर बसले की कप बशीवर वाजायला लागायचा. बाकीचे हमाल हसायचे. "कामाला बरा हाय, बसला का थरथरतो. ह्याला टायमावर लागत आसंल," असं म्हणून अंगठा तोंडाकडे न्यायचे. अण्णांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. माळकरी नव्हते, पण दारूच्या वासाचाही त्यांना तिटकारा होता, निदान जोवर त्यांना वास येत होता तोवर. पुढे त्यांना वासच येईनासा झाला. पावसाने सडलेल्या कांद्याचा ढीग उपसायचा असला की बाकीचे नाकाला रुमाल बांधून लांब पळायचे आणि अण्णा शांतपणे आत शिरायचे. लोक म्हणायचे, सवय झाली.

डॉक्टरकडे कुणी गेलं नाही. हात हलणं हा काही आजार नाही, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. अण्णांनी स्वतःच त्यावर उपाय काढला होता. काम करताना हात हलत नाही, म्हणजे काम हेच औषध. ते बसायचेच नाहीत. घरी आले की दोर वळायचे, गोठ्यातलं शेण काढायचे, काही नसलं तर अंगणातले दगड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन रचायचे. आम्हा भावंडांपैकी कुणी रिकामं दिसलं की म्हणायचे, "बसू नको. बसलं का लागतं." काय लागतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात पदव्या वाटण्याचा कार्यक्रम होता तेव्हा पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा मागच्या भिंतीला टेकून पूर्ण वेळ उभे राहिले, दोन्ही हातांत दोन जड पिशव्या धरून. आमचे प्राचार्य स्वतः मागे जाऊन म्हणाले, "अहो, बसा की, तुमच्या लेकीचा दिवस आहे." अण्णा म्हणाले, "न्हाई साहेब, मी हितंच बरा." नंतर प्राचार्यांनी भाषणात अण्णांच्या साधेपणाचं कौतुक केलं. पिशव्यांत काय आहे हे मला ठाऊक होतं. घरून निघताना त्यांनी त्यांत कांदे भरले होते. माझ्या लग्नातही ते पंगतीला बसले नाहीत, शेवटपर्यंत वाढत राहिले.

मी लॅबचा कोर्स केला, नाशिकमध्ये नोकरी लागली, लग्न झालं. आई गेल्यावर अण्णांना इकडे आणलं, तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला नाव दिलं. कंपवात. तोवर अण्णांचं चालणं पाऊल घासत झालं होतं, चेहरा हलेनासा झाला होता. गोळ्या सुरू झाल्या, पण फार उशीर झालेला होता. आता त्यांना उठवायला, बसवायला, भरवायला माणूस लागतं. दिवसा एक बाई येतात, बाकीचं मी बघते. ज्या माणसाने आयुष्यभर बसणं टाळलं तो दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असतो आणि त्याचा हात दिवसभर हलतो.

त्यामुळे स्वतःचा अंगठा पहिल्यांदा हलताना दिसला तेव्हा हे काय असू शकतं ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. तरी मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या लॅबमध्ये नाना तऱ्हेच्या तपासण्या होतात, पण रक्त घेऊन हा आजार सांगणारी तपासणी नाही. ती असती तर मी गुपचूप केली असती. माझ्यापुढे एकच प्रश्न होता. हे अण्णांचंच आहे का? आणि ते असलं तर शीर शोधणारा हा हात किती वर्षं माझा राहणार?

असं सगळं मनात चाललेलं असताना एका सकाळी एक बाई रक्त द्यायला आल्या. हात पुढे केला तर नखांत माती. मी बघतेय हे पाहून त्या हसल्या. "कितीही घासलं तरी निघत नाही हो. मी चाकावर भांडी करते. शिकवतेही."

"अवघड असतं का?" मी पट्टा बांधत विचारलं.

"अवघड नाही. पण एकदा चाकावर बसलात की दोन तास हाताला उसंत नाही. हात काढला की भांडं गेलंच."

त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर राहिलं. रिपोर्ट न्यायला त्या संध्याकाळी आल्या तेव्हा मी विचारलं, रविवारी वर्ग असतो का.

घरी सांगितल्यावर नवरा हसला. तो अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, मनाने चांगला, पण गंमत केल्याशिवाय राहत नाही. "म्हणजे आख्खं शिक्षण कशासाठी केलंस, तर चिखलातून बाहेर यायला. आणि आता फी भरून परत चिखलात?"

"रविवारचा जरा बदल," मी म्हणाले.

"बदल पाहिजे तर त्र्यंबकला जाऊन येऊ. भजी खाऊ."

पण त्याने स्वतःच मला पहिल्या दिवशी स्कूटरवरून सोडलं.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत एका बंगल्याचं गॅरेज होतं, तिथे चाकं मांडली होती. विजेची, पायाशी दाबायला पट्टी असलेली. आम्ही नवशिके चार-पाचच होतो. त्यांतल्या दोघांशीच माझं बोलणं झालं. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, मोठ्या आवाजाचे, स्वतःच्या डायबिटीसविषयी अभिमानाने बोलणारे. दुसरी कॉलेजची मुलगी, तिने पहिल्याच दिवशी मला 'काकू' करून टाकलं. रक्त द्यायला आलेल्या त्या बाईंना इथे सगळे ताई म्हणत.

ताईंनी ओल्या मातीचा एकेक गोळा आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी वास घ्या. मग मळायला लागा."

सगळ्यांनी गोळे नाकाशी नेले. मुलगी म्हणाली, "आई गं, किती भारी!" काका डोळे मिटून म्हणाले, "आजोळ. थेट आजोळ."

मीही गोळा नाकाशी नेला. काही आलं नाही. परत श्वास घेतला. मातीचा थंडपणा नाकाला लागला, एवढंच. "हो, छान आहे," मी म्हणाले, आणि मळायला लागले.

माती मळणं मला सोपं गेलं. काका घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "ह्यांना काय, रोज पोळ्या लाटतात. आमच्यावर अन्याय आहे हा." ताई म्हणाल्या, "तुम्हीही लाटा की उद्यापासून. कुणी अडवलंय?" काकांनी बाह्या वर सारून परत गोळ्याला हात घातला.

मग चाक. गोळा चाकाच्या मधोमध आपटून बसवायचा, पाणी लावायचं, चाक सुरू करायचं आणि फिरत्या गोळ्याला दोन्ही हातांनी दाबून मध्यावर आणायचं. गोळा जोवर मध्यावर नाही तोवर तो हाताला धक्के देत राहतो. मध्यावर आला की तो फिरतोय हेच कळत नाही, नुसता उभा असल्यासारखा दिसतो. ताई सांगत होत्या, कोपर मांडीला घट्ट टेकवा, हाताने ढकलू नका, अंग जड करा. काकांचा गोळा सुटून भिंतीवर गेला. मुलीचे हात गोळ्याबरोबर हलत होते, ती हसत सुटली होती. माझा गोळा थोडा वेळ धक्के देत राहिला आणि मग थांबला.

ताई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी इकडे बघा. हात बघा यांचे. काय स्थिर आहेत!"

मला रडू येईल असं वाटलं. मातीच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते ते बरं झालं. शाळेत बक्षीस मिळायचं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नसेल. घरी जाताना मी मागे बसून नवऱ्याला परत परत सांगत होते, ताई असं म्हणाल्या, सगळ्यांना बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "रक्त काढणाऱ्या बाईचा हात स्थिर नसणार तर काय सुताराचा?"

तो पूर्ण आठवडा मी स्वतःला समजावत होते. स्थिर हात म्हणजे बरा हात. अण्णांचा हात पाठीवर गोणी असताना कसा असायचा, हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी ते मनात येऊ देत नव्हते.

पुढचे रविवार असेच गेले. गोळ्याच्या मध्यात अंगठा खुपसून खड्डा करायचा, मग एक हात आत आणि एक बाहेर ठेवून भिंत हळूहळू वर न्यायची. इथे मात्र माझं अडायला लागलं. डावा हात वर जायचा आणि उजवा मागे राहायचा, कुणी बोलावल्यावर उशिरा उठणाऱ्या माणसासारखा. भिंत एका बाजूला जाड राहायची. ताई म्हणायच्या, "उजवा हात झोपतोय तुमचा." काका आणि मुलगी, ज्यांचे गोळे पहिल्या दिवशी भिंतीवर जात होते, त्यांच्या वाट्या आता वाट्यांसारख्या दिसायला लागल्या. माझ्या वाटीला ताई 'स्वभाव आहे हिला' म्हणाल्या. त्या चांगल्या मनाच्या आहेत.

तरी मी खूश होते. चाकावर बसल्यापासून उठेपर्यंत अंगठा हलत नव्हता. मधूनमधून ताई स्वतः करून दाखवायच्या, तेव्हा आम्ही भोवती स्टुलांवर बसायचो. त्या वेळेपुरता मी मातीचा एक छोटा गोळा मुठीत धरून ठेवायचे आणि दाबत राहायचे.

तसाच एक गोळा मी एकदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणला. मनात आलं होतं, मला ज्याने थांबवलं ते अण्णांनाही थांबवेल. त्यांच्या हातात कितीतरी दिवसांत काम आलं नव्हतं. चमचासुद्धा आम्हीच धरायचो.

दुपारची वेळ होती, नवरा बाहेर गेला होता. मी अण्णांच्या खुर्चीपुढे पाट ठेवून बसले. गोळा पाण्याने मऊ केला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या हातांनी गोळ्याभोवती मिटवली.

"अण्णा, दाबा. माती हाय. दाबा जरा."

ते गोळ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही नाही, तो तर कधीचाच हलत नव्हता. मी हात काढून घेतला. त्यांची बोटं मिटलेली राहिली नाहीत. हात हलतच होता, आणि हातातला गोळाही हाताबरोबर हलत होता. मी परत बोटं मिटवली, परत म्हणाले, दाबा. त्यांनी प्रयत्न केला, हे मला त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळलं. गोळा घरंगळून मांडीवर पडला आणि तिथून खाली फरशीवर. धोतरावर मातीचा ओघळ राहिला.

मी वाकून गोळा उचलला नाही. मला उचलताच आला नाही. मी पाटावर तशीच बसले, हात मांडीवर टाकून. काम हेच औषध, असं आमच्या घरात सगळे मानत आले होते, आणि हा माणूस ते औषध दुसऱ्या कुणीही घेतलं नसेल एवढं घेऊन बसला होता.

अण्णांचा आवाज आला. हल्ली तो फार बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो.

"तुला बी?"

मी वर बघितलं. ते माझ्या मांडीकडे बघत होते. माझा अंगठा चालला होता. त्यांचाही चालला होता. दोघांची लय एकच होती.

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "थंडी वाजती."

एप्रिल महिना होता. अण्णांनी मान हलवायचा प्रयत्न केला. मग जमेल तेवढा जोर लावून म्हणाले, "ऊठ. बसू नको."

आणि मी उठले. लहानपणी उठायचे तशी ताडकन उठले, बादली आणली, सगळ्या घराची फरशी पुसून काढली, खाटेखालची, कपाटामागची. अण्णांचं धोतर बदललं आणि ते घासून घासून धुतलं. नवरा आला तेव्हा म्हणाला, "दिवाळी लवकर आली का गं?" मातीचा गोळा मी बाल्कनीत टाकून दिला होता.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं वाटत होतं. पण घरी बसणं त्याहून वाईट.

त्या दिवशी ताई कानाचा कप करून दाखवणार होत्या. आम्ही भोवती बसलो. मी नेहमीसारखा गोळा मुठीत घेतला. ताईंनी चाक सुरू केलं, आणि मग थांबवलं.

"आज एक करू. सगळ्यांनी हातातलं सगळं खाली ठेवा. फोनही. हात मांडीवर, मोकळे. नुसतं बघायचं. तुम्ही हाताने बघता, डोळ्याने बघतच नाही." त्यांनी पुढे होऊन माझ्या मुठीतला गोळाही काढून घेतला, अगदी सहज, पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा. "काहीही करायचं नाही."

मी ओढणी मुठीत धरली. त्या म्हणाल्या, "तीही सोडा." मुलगी हसली. "काकूंना बसवतच नाही."

ताईंचा कप चाकावर वर येत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझं सगळं लक्ष मांडीवर होतं. थोडा वेळ काही झालं नाही. मग सुरू झालं. आधी अंगठा, मग मनगट. मी डावा हात त्याच्यावर ठेवला, तर दोन्ही हात हलायला लागले.

"अहो मॅडम!" काका मोठ्याने म्हणाले. "साखर उतरलीय तुमची! मला माहिती आहे ना, माझं अस्संच होतं. सकाळी काही खाल्लं का? नाही ना?" ते उठून पिशवीतून बिस्किटांचा पुडा घेऊन आले. "आधी ही खा. बोलू नका. खा."

मुलगी धावत पाणी घेऊन आली. "काकू, झोपताय का थोडं?"

"हो, साखरच असेल," मी म्हणाले. काकांचे मी फार आभारी आहे, आजही. त्यांनी मला लगेच एक कारण दिलं, त्यामागे लपता आलं. मी बिस्किटं खाल्ली. बिस्किट तोंडाकडे नेताना हात थांबला होता. काका विजयाने म्हणाले, "बघा! उतरली का नाही थरथर? गोड म्हणजे गोड."

ताईंनी कप पूर्ण केला, तारेने खालून कापून फळीवर ठेवला. वर्ग संपल्यावर मी मागच्या नळावर हात धुवत होते तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःची नखं घासायला लागल्या.

"साखर नाहीये ना?"

मी नळ बंद केला नाही.

"मी पहिल्या दिवसापासून बघतेय," त्या म्हणाल्या. "सगळे मध्ये मध्ये हात पुसून बसतात. तुम्ही कधीच हात रिकामा ठेवला नाही. आज मी मुद्दाम केलं. माझं चुकलं असेल तर माफ करा. सगळ्यांसमोर करायला नको होतं."

"माझ्या वडिलांना आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते.

"मग दाखवलंत का कुणाला?"

"काम करताना काही होत नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "काम करताना नाही होत, म्हणून तर विचारतेय," एवढंच म्हणाल्या आणि पुसायला फडकं दिलं.

त्या आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं. गंमत करायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाला, "म्हणून तू टीव्ही बघायला बसत नव्हतीस? मला वाटलं माझ्यावर राग आहे." मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आला नाही.

अण्णांना बघतात त्याच डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटून दाखवायला सांगितली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. माझं अक्षर शेवटाकडे बारीक होत गेलं, मला ते तेव्हाच दिसलं. त्यांनी विचारलं, "वास येतो का नीट?"

मला गॅरेजमधला पहिला दिवस आठवला, डोळे मिटून आजोळ म्हणणारे काका आठवले, आणि सडक्या कांद्याच्या ढिगात शिरणारे अण्णा. "नाही," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "आता हात मांडीवर ठेवा. सैल सोडा. काही करू नका."

मी हात मांडीवर ठेवले. या वेळी ओढणी धरली नाही. नवरा शेजारच्या खुर्चीत होता, तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. डॉक्टर वाट बघत होते. मीही वाट बघत होते. फार वेळ लागला नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सौम्य शब्दांत सांगितलं. तेच आहे. बहुतेकांमध्ये हे वडिलांकडून येत नाही, काही घरांत येतं. लवकर कळलंय, गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात, अण्णांसारखं उशिरा झालेलं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून म्हटलं. रक्त काढण्याचं काम आणखी किती दिवस करता येईल असं मी विचारलं, तर म्हणाले, "उजवा हात मंदावलाय. काम कधी थांबवायचं ते तुम्हीच ठरवाल, पण त्याआधी लॅबला सांगून ठेवा." मी सांगितलं आहे. सध्या मी मशीनवर बसते, रक्त काढायला नवीन मुलगी आली आहे. तिचा हात हलका आहे.

वर्ग संपला तेव्हा माझी वाटी भट्टीतून निघून घरी आली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. नवऱ्याने ती मिठाला घेतली.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. दिवसाच्या बाई निघून गेल्या होत्या. अण्णा खिडकीपाशी होते. त्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे आम्ही रस्त्यात ठरवलं नव्हतं. मी पाट घेतला आणि त्यांच्या खुर्चीपाशी बसले. भांडी पडली होती, दूध तापवायचं होतं. मी हात मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले.

अण्णांनी ते बघितलं. त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बसू नको," ते म्हणाले.

"बसते थोडी," मी म्हणाले.

आत नवऱ्याने दूध गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. ते उतू गेलं तरी मला वास आला नसता. मी उठले नाही. अण्णांचा हात खुर्चीच्या दांडीवर चालला होता, माझा मांडीवर, आणि बाहेर अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.